मोटारसायकलचं इंजिन खटखट करून राहिलंय? उघडण्याआधी हे ऐका

"भाऊ, गाडीत आवाज येऊन राह्यला." कसा? "खटखट." कधी येते? इथं बहुतेक जण अडकतात. आवाज केव्हापासून आहे, कोणाच्या गाडीला तसाच होता आणि त्याला किती खर्च लागला, हे सगळं सांगता येतं. पण तो गार इंजिनवर येतो की तापल्यावर, चढावर येतो की उभ्या गाडीत, क्लच दाबला की बदलतो का, हे कोणी पाहिलेलं नसतं. निदान मात्र याच उत्तरांत असतं. टिकटिक, खटखट आणि ठकठक यांतला फरक नेमका ओळखायला कान तयार व्हावा लागतो, त्याला वेळ जातो. आवाज कधी येतो आणि कधी जातो, हे आज पहिली गाडी घेतलेल्या पोरालाही टिपता येतं. ते टिपून गॅरेजवर गेलात तर अर्धं काम झालं. नाही टिपलं तर मेकॅनिक अंदाजानं इंजिन उतरवतो, आणि एकदा इंजिन खाली आलं की "आता उघडलंच आहे तर हेही टाकून घेऊ" सुरू होतं.

हे सगळं आपल्याकडे गावोगाव चालणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या, एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोक गाड्यांसाठी आहे: स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, सीटी, शाइन वगैरे. कोणाकडे अजून यामाहा आरएक्स किंवा राजदूत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर ठरवणारा स्क्रू) आणि टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी इंजिनातली चेन) भाग सोडून द्या, टू स्ट्रोकला त्या दोन्ही वस्तू नसतात. बुलेट इथं घेतलेली नाही. तिच्या मालकांना आवाज थांबला तरच काळजी वाटते.

आधी आवाजाची वेळ टिपा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि रेस न देता नुसते उभे राहा. पहिल्या मिनिटात आवाज आहे का? तीन-चार मिनिटांनी कमी झाला, वाढला, की तसाच राहिला? आता क्लच पूर्ण दाबा, सोडा, पुन्हा दाबा. फरक पडतो का? मग रेस हळूहळू वाढवा, मध्येच एका जागी धरा आणि मूठ एकदम सोडा. आवाज रेस वाढताना येतो, धरलेली असताना येतो, की सुटताना?

त्यानंतर गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून तापू द्या. आधी एकटे चालवा, मग मागं कोणाला बसवून किंवा खताचं पोतं टाकून. चढ घ्या. प्रत्येक गिअरमध्ये थोडं चालवा, कारण एकाच गिअरमध्ये येणारा आवाज गिअरबॉक्सचा असतो आणि त्यासाठी वरचं इंजिन उघडायची गरज नसते. ओळखीच्या, रिकाम्या, सरळ उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करा आणि गाडी हळू जाऊ द्या. चावी मात्र काढू नका, हँडल लॉक होईल असं काही करू नका. इंजिन बंद असूनही खटखट चालूच असेल तर इंजिनाचा काही दोष नाही. चेन, स्प्रॉकेट, चाकाचं बेअरिंग, ब्रेक शू यांच्याकडे वळा.

जे दिसलं ते लिहून ठेवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून मेकॅनिकला पाठवायची पद्धत आता सगळीकडे झाली आहे. करा, पण त्यावर निकाल मागू नका. फोन बारीक टिकटिक मोठी करून ऐकवतो आणि जाड ठोका दाबून टाकतो. नेमका जाड ठोकाच जास्त धोक्याचा असतो.

दोन गोष्टी सांभाळा. गाडी कोठ्यात किंवा बंद शेडमध्ये सुरू ठेवून ऐकत बसू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. आणि गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. मेन स्टँडवर न्यूट्रलमध्येही मागचं चाक थोडं फिरतं, वाकून ऐकताना कापड चेनमध्ये जायला वेळ लागत नाही.

ऑइल बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही

वाजणाऱ्या गाडीची ऑइलपट्टी न काढता जो थेट पाना उचलतो, तो मेकॅनिक बदला.

१०० सीसीच्या इंजिनात ऑइल साधारण एक लिटरच बसतं. त्यातलं पाव लिटर जळून गेलं तरी मोठा हिस्सा गेला. पिस्टन जुना झालेली गाडी हे ऑइल गुपचूप पिते आणि आपण "सोयाबीन निघालं की बदलू" म्हणत हंगाम काढतो. ऑइल कमी झालं की सर्वांत आधी वरचा भाग कोरडा पडतो. कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजू लागतात, आणि लोक समजतात टॅपेट ढिले झाले.

बघायची रीत अशी. सपाट जागी मेन स्टँडवर गाडी दोन-तीन मिनिटं सुरू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. ऑइलपट्टी काढून स्वच्छ पुसा. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती पुन्हा घालताना आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे आवळून मोजलं तर आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दिसतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवी. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आवाज शोधणं तिथंच थांबवा. त्याच ग्रेडचं ऑइल भरा आणि मग पुन्हा ऐका. आवाज गेला तर बरंच झालं, पण ऑइल कुठं गेलं हा प्रश्न उरतोच. खाली गळतीचा डाग शोधा, नाहीतर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा.

ग्रेड पुस्तिकेत लिहिलेली असते. स्प्लेंडर, एचएफ, शाइनला बहुधा १०डब्ल्यू-३० चालतं, प्लॅटिना-सीटीची ग्रेड पुस्तिकेतच बघा, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू असं लिहिलेलं असावं लागतं. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेलं ऑइल मोटारसायकलीत ओतायची सवय आपल्याकडे फार आहे. ते टाकू नये. मोटारसायकलीच्या क्लच प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात आणि ते ऑइल त्यांच्यासाठी बनवलेलं नसतं. शिवाय जाड ऑइल थंडीत वर रॉकरपर्यंत उशिरा पोचतं.

ऑइल बदलायचं असेल तर जुनं वाहून जाऊ देऊ नका. एका परातीत घ्या आणि पांढऱ्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळा. नुसता काळा रंग हा दोष नव्हे, वापरलेलं ऑइल काळंच होतं. कापडावर चकाकणारे कण उरले तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलेले कण लोखंडाचे असतात, ते गिअर, बेअरिंग किंवा कनेक्टिंगकडून (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा रॉड) आलेले असू शकतात. न चिकटणारे पांढरे कण बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन किंवा केसिंग घासतंय. पिठासारखी बारीक चकाकी थोडी असतेच. नखावर घेता येईल एवढा चुरा किंवा पापुद्रा निघाला तर गाडी तिथंच उभी करा. ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात नाल्याच्या पुरातून गाडी काढणाऱ्यांनी हे पाहावंच, कारण अशा ऑइलावर बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत.

आणखी एक, जे फार थोड्या गॅरेजवर होतं. स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि उजव्या कव्हराच्या आत, क्रँकवर (पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा) फिरून कचरा बाजूला फेकणारा फिल्टर असतो. त्यात वर्षानुवर्षांचा गाळ बसतो. क्लचच्या कामासाठी कव्हर उघडलं की ही जाळी आणि फिल्टर रॉकेलनं धुऊन घ्यायला सांगा. वेगळी मजुरी लागली तरी द्या.

बाहेरचं तर वाजत नाही ना?

पांदण रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाडीचे नट-बोल्ट ढिले होतात, यात आश्चर्य काही नाही. इंजिन ज्या बोल्टांवर चेसिसला अडकवलेलं असतं त्यांतला एक जरी सैल असला तरी आवाज असा येतो की मालकाला क्रँक गेल्याची खात्री पटते. सगळे बोल्ट पान्यानं तपासा. लेग गार्ड, चेन कव्हर, सायलेन्सरवरची पत्र्याची जाळी, नंबर प्लेट एकेक हातानं धरून बघा. सायलेन्सरच्या बाबतीत हातमोजा किंवा जाड कापड घ्या. धरल्यावर आवाज थांबला की सापडलं.

सायलेन्सरचा पाइप हेडला (सिलिंडरच्या टोकाचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) जिथं जोडला जातो तिथली गॅस्केट फुटली तर प्रत्येक स्फोटाबरोबर हवा बाहेर येते आणि हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक ऐकू येते. गार इंजिन सुरू केल्याबरोबर त्या जोडाजवळ हात न्या, लावू नका. हवेचे झोत लागले किंवा जोडाभोवती काजळी दिसली तर गॅस्केट बदला. किरकोळ खर्चात काम होतं.

चेन मधोमध वर-खाली साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण एका जागी ढिली असलेली चेन दुसऱ्या जागी ताठ निघते. पुढच्या स्प्रॉकेटचा बोल्ट सैल झाला तर मूठ सोडताना आणि धरताना खट असा एक ठोका येतो.

पेचकस कानाला

आता इंजिन. एक लांब पेचकस घ्या. त्याचं टोक इंजिनावर टेकवा, मूठ कानाच्या पाळीजवळच्या हाडाला लावा. बोरूसारखी सरळ लाकडी काठीही चालते. डॉक्टरच्या नळीपेक्षा हे साधन मला बरं वाटतं, कारण ते आजूबाजूचा गोंगाट आणत नाही. फिरणाऱ्या आणि तापलेल्या भागांपासून हात जपा.

स्प्लेंडर-एचएफचं सिलिंडर जवळजवळ आडवं असतं, हेड पुढच्या चाकाच्या मागं येतं. टायमिंग चेन आणि मॅग्नेट (वीज बनवणारं चक्र) डाव्या अंगाला, क्लच उजव्या अंगाला. टोक आधी हेडवर टॅपेटच्या झाकणांजवळ, मग ब्लॉकवर (ज्यात पिस्टन चालतो तो सिलिंडर), मग डाव्या कव्हरवर, मग उजव्या कव्हरवर, शेवटी खाली क्रँककेसवर ठेवा. धातूतून आवाज सगळीकडे पसरतो, त्यामुळे "इथं ऐकू येतो" याला फार अर्थ नाही. "इथं सर्वांत जास्त येतो" हे शोधायचं आहे. जमलं तर त्याच मॉडेलची एखादी चांगली चालणारी गाडी शेजारी उभी करून दोन्ही ऐका. गावात स्प्लेंडरला स्प्लेंडर सापडतेच.

हेडवर बारीक टिकटिक

हेडवर स्पष्ट, गार-गरम दोन्ही वेळी, रेसबरोबर जलद होणारी आणि ओझं वाढवल्यानं न बदलणारी टिकटिक टॅपेटची असते. हे काम नवशिक्याला एखाद्या जाणत्याबरोबर बसून शिकता येतं. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं.

१. प्लग काढा, टॅपेटची दोन्ही झाकणं काढा, डावीकडच्या कव्हरावरचे दोन बूच काढा.

२. मॅग्नेटच्या नटावर पाना लावून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवा आणि टी ही खूण खाचेसमोर आणा.

३. दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलतात का बघा. हलत नसतील तर पिस्टन वर असला तरी तो चुकीचा स्ट्रोक आहे. एक पूर्ण फेरा आणखी फिरवा.

४. फिलर गेजची (बारीक अंतर मोजायच्या साधनाची) पट्टी रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घाला. या गाड्यांत अंतर साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे.

५. लॉक नट आवळताना स्क्रू धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. नट आवळताना अंतर बदलतं, आणि नवशिका तिथंच फसतो.

आवाज पूर्ण घालवायच्या नादात टॅपेट घट्ट करू नका. थोडा वाजणारा टॅपेट चालतो. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, तापल्यावर गाडी किकला दाद देत नाही आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. अंतर बरोबर असूनही टिकटिक राहिली तर रॉकरचं तोंड किंवा कॅम झिजलाय, तो हेड उघडूनच दिसेल.

डाव्या अंगाला खळखळ, विशेषतः आयडलवर (रेस न देता) आणि मूठ सोडल्यावर, ही टायमिंग चेनची. चेन ताणली गेली किंवा टेन्शनर आणि रबरी रोलर झिजले की ती भिंतीला घासते. नुसती चेन बदलून भागत नाही. टेन्शनर आणि रोलरही बघून घ्या. हा आवाज घेऊन लोक वर्ष वर्ष गाडी चालवतात. चालतेही, पण चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटू शकतात.

सकाळी ठकठक, दुपारी गप्प

गार इंजिनवर ब्लॉकमधून येणारी बोथट ठकठक, जी गाडी तापली की कमी होते किंवा नाहीशी होते, ती पिस्टनची. ब्लॉक आणि पिस्टनमधली जागा वाढली की पिस्टन वर-खाली जाताना भिंतीवर आपटतो. तापल्यावर पिस्टन फुगतो आणि जागा भरते.

खात्री करायची जुनी रीत आहे. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, इग्निशन बंद ठेवून सात-आठ किक मारा, प्लग लावा आणि गाडी सुरू करा. थोडा वेळ धूर होईल. त्या वेळात ठकठक मऊ झाली आणि मग परत आली तर पिस्टनच. किकही ऑइल टाकल्यावर जड झाली असेल तर रिंगाही गेल्या आहेत.

हा आवाज ऐकून घाबरून जाऊ नका. धूर नाही, ऑइल फारसं कमी होत नाही, ओढ ठीक आहे, तर कापसाचा हंगाम उरकून आरामात काम करा. फक्त ऑइलची पातळी दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, बघत जा. काम निघालं की ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा की नवं किट, हे ब्लॉक मोजल्यावर ठरतं. मोजल्याशिवाय ठरवणाऱ्याचं ऐकू नका. गॅरेजच्या भाषेत हे हाफ इंजिन. क्रँक उघडायचा तर फुल इंजिन, आणि खर्चात मोठा फरक पडतो.

याच कुळातला पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) आवाज जरा टोकदार, किणकिणणारा असतो आणि तापल्यावर कमी होत नाही. तोही हाफ इंजिनातच निघतो.

चढावर खुळखुळ

हा आवाज उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी येत नाही, म्हणून गॅरेजवर तो दाखवता येत नाही आणि मेकॅनिक "काहीच तं नाही" म्हणून परत पाठवतो. ओझं असताना, चढावर, वरच्या गिअरमध्ये कमी वेगात मूठ पिळली की तुरीच्या वाळल्या शेंगा हलवल्यासारखी खुळखुळ ऐकू येते आणि मूठ सोडली की लगेच थांबते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट डबलसीट चढताना, किंवा शेतातून दोन पोती घेऊन नाल्याची चढण काढताना, पुष्कळांनी ती ऐकलेली असते. इथं कुठलाच भाग सैल नसतो. पेट्रोलचा स्फोट वेळेआधी किंवा वेडावाकडा होतो आणि त्याचा दणका पिस्टनच्या डोक्यावर बसतो.

कारणं एकामागून एक तपासा, स्वस्तापासून सुरुवात करून.

आधी स्वतःचा हात. चौथ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगानं चढ चढवणं ही ॲव्हरेज वाचवायची युक्ती नव्हे. एक गिअर खाली टाका. बऱ्याच गाड्यांचा "दोष" इथंच संपतो.

मग उष्णता. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरला पारा ४५ च्या घरात जातो आणि हवेनं गार होणाऱ्या इंजिनाला गार हवाच मिळत नाही. त्यात पावसाळ्यात पुढच्या चाकानं उडवलेली काळी माती स्प्लेंडरच्या आडव्या हेडवर बसते, फिनांच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या) फटी बुजतात आणि उन्हाळ्यात तिची वीट होते. गार इंजिनवर पाणी मारून भिजवा आणि लाकडी काडीनं एकेक फट मोकळी करा. लोखंडी काही खुपसू नका, फिन तुटतात.

मग पेट्रोल. किराणा दुकानातल्या बाटलीचं पेट्रोल किती दिवसांचं आणि त्यात काय मिसळलंय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. रॉकेल मिसळलं तर खुळखुळ येणारच, कारण त्याची ऑक्टेन पातळी (वेळेआधी न पेटण्याची ताकद) फार कमी. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर हल्ली प्रत्येक आवाजाचं खापर फुटतं. या एका आवाजापुरता तो आरोप बरोबर नाही. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, हे खरं. आणि टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल त्या पाण्याला धरून तळाशी वेगळं बसतं. शंका असेल तर कार्ब्युरेटरच्या तळाच्या स्क्रूतून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून वाळवा.

शेवटी प्लग आणि हवा. प्लगचं टोक पांढरं पडलं असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लग चुकीच्या नंबरचा. कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबरी जोडाला चीर गेली की तिथून फुकटची हवा आत जाते. आयडलवर त्या जोडावर पाण्याचे थेंब टाका, इंजिनाचा सूर बदलला तर चीर तिथंच. एवढं सगळं ठीक निघालं आणि गाडी जुनी असेल तर हेडमध्ये कार्बन साचलाय, हेड काढून साफ करावं लागेल.

ही खुळखुळ महिनोन्‌महिने चालू ठेवली तर पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात आणि खाली कनेक्टिंगच्या बेअरिंगवर मार बसतो. पुढचा आवाज मग तोच.

जाड ठोका

खाली क्रँककेसमधून येणारा जड, खोल ठोका. गार असताना दबलेला. गाडी तापून ऑइल पातळ झालं की स्पष्ट. ओझ्यावर वाढतो. स्टँडवर रेस मध्यम धरून मूठ एकदम सोडली की त्या क्षणी ठक-ठक-ठक असा उघडा पडतो. हा कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा आवाज, आणि इथं माझं म्हणणं एकच आहे: गाडी चालवू नका. बाजारापर्यंत नाही, पंपापर्यंतही नाही. रॉड तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा छोटा हत्तीत टाकून न्या. पेट्रोलचा कॉक बंद करून, गाडी उभी बांधून.

उघडण्याआधी एक चाचणी होते. प्लग काढा. भोकातून प्लास्टिकची लांब स्ट्रॉ पिस्टनवर टेकवा. आत पडणार नाही एवढी लांब हवी. मॅग्नेटचा नट फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि तिथून थोडा खाली न्या. अगदी टोकाला ही चाचणी करू नका, कारण तिथं क्रँक थोडा फिरला तरी पिस्टन हलत नाही, ती रचनाच तशी आहे. थोडा खाली आल्यावर नट हलकेच मागं-पुढं करा. दिशा बदलताच स्ट्रॉ हलली तर ठीक. क्रँक आधी फिरतो, मध्ये मोकळा खेळ लागतो आणि मग स्ट्रॉ हलते, असं झालं तर रॉड किंवा पिन सैल आहे.

ब्लॉक काढल्यावर मेकॅनिक तुम्हाला रॉड हलवून दाखवेल. इथं डोळे उघडे ठेवा. रॉड डावी-उजवीकडे थोडा हलतोच, नव्या गाडीतही. तेवढं दाखवून "कनेक्टिंग गेलं" म्हटलं तर मानू नका. क्रँक वर आणून रॉड सरळ वर-खाली ओढायला सांगा. त्या दिशेनं हाताला खेळ लागला, टक असा आवाज आला, तर मात्र वाद घालू नका.

काम करायला क्रँक जिल्ह्याच्या ठिकाणी लेथवाल्याकडे जातो. प्रेसवर तो उघडून रॉड किट बसवतात आणि पुन्हा जुळवून डायल गेजवर फिरवून बघतात. हातोड्यानं ठोकून डोळ्यानं सरळ केलेला क्रँक हा त्या खर्चाचा सत्यानाश आहे. गेज लावतात का, हे क्रँक देण्याआधी विचारा. क्रँकच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगही तेव्हाच बदला. ती गेली असतील तर घरघर वेगळी ऐकू येत असतेच.

उजवीकडची खडखड

क्लच दाबला की बदलणारा किंवा थांबणारा आवाज क्लचच्या डब्याचा किंवा त्याच्या गिअरचा. आयडल फार खाली ठेवलं असेल तर चांगला क्लचही खडखडतो. स्प्लेंडरचं आयडल मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांचं असतं, आधी ते नीट करा. सेल्फ स्टार्टच्या गाडीत डाव्या कव्हरातून, विशेषतः सुरू करताना आणि बंद करताना, खर्र होत असेल तर सेल्फचा क्लच बघायला सांगा. मॅग्नेटचा नट सैल झाला तरी डावीकडून ठोका येतो, जोडीला गाडी मिसही मारते.

जुनी गाडी घेताना

वर सांगितलेलं सगळं जुनी गाडी बघताना कामाला येतं, फक्त एक अट पाळा: सकाळी, गार इंजिनवर जा, आणि पोचल्याबरोबर ब्लॉकजवळ हात नेऊन बघा. मालकानं आधीच फिरवून तापवून ठेवली असेल तर पिस्टनची ठकठक लपलेली असते. उलट, जाड ऑइल भरून खालचा ठोका दाबलेला असू शकतो, म्हणून नुसती सुरू करून समाधान मानू नका. मालकाला मागं बसवून आठ-दहा किलोमीटर नेऊन तापवा, चढ घ्या, मग स्टँडवर मूठ सोडून ऐका.

काम केलेल्या इंजिनाची पहिले काही शे किलोमीटर ओझ्याशिवाय, मध्यम वेगात चाल ठेवा आणि पाचशेच्या आसपास ऑइल बदला. ते ऑइलही त्याच पांढऱ्या कापडातून गाळा. काढलेले जुने भाग मेकॅनिककडून मागून घ्या, पिशवीत घालून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.